मुळापासून शिरूर

एकोणीसशे बासष्ट साल. मी तेहतीस वर्षांचा होतो. चौथीत दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा तिथंच राहिलो, म्हणून बानं मला मिशनच्या सुतारशाळेत घातलं. तेव्हा माझं लिहिणं हे असं आहे. नातू म्हणाला, आबा, तुम्ही सांगा, मी लिहितो. मी म्हटलं, तू लिहिशील ते तुझं होईल. माझं मला लिहू दे, वाकडं तर वाकडं.

आम्ही शिरूरचे, मिशनच्या आवारातले ख्रिस्ती. माझा बा मिशनच्या विहिरीवर मोट हाकायचा. मोठ्या दुष्काळात कुणीतरी त्याला खांद्यावर घालून शिरूरला आणलं आणि मिशनच्या अनाथ पोरांत सोडून दिलं. तेव्हा तो पाच-सहा वर्षांचा असेल. आणणारा कोण, बाप का चुलता का वाटेतला कुणी, ते बाला कधी कळलं नाही. कुठून आणलं तेही नाही. त्यामुळं आमची गंमत अशी, की आम्हाला भाऊबंद नाहीत, शेत नाही, जत्रेला जायला गाव नाही. कुणी नवखा माणूस बाला विचारायचा, "गाव कुठलं?" बा म्हणायचा, "शिरूर." तो म्हणायचा, "न्हाई, मूळ गाव?" बा म्हणायचा, "मुळापासनं शिरूर." आणि मोटेच्या नाड्यावर, त्या जाड दोरावर बसून बैल उतरणीला घालायचा. हे उत्तर मी लहानपणापासून शंभरदा ऐकलं असेल. ते देताना त्याची मान जरा मागं जायची.

बावन्न सालच्या इलेक्शनला एक पुढारी मतं मागत आमच्या आवारात आले. तेव्हा तरुण होते, सायकलवर यायचे, धोतर मांडीपर्यंत खोचलेलं. त्यांना तहान लागली होती. आमच्या हातचं पाणी गावातली बरीचशी माणसं त्या काळी पीत नव्हती. तोंडावर कुणी बोलायचं नाही, फक्त "आत्ताच प्यालो" म्हणायचे. हे पुढारी विहिरीच्या थारोळ्याशी, मोट रिकामी होते त्या कुंडाशी आले, ओंजळ केली आणि बाला म्हणाले, "आजोबा, घाला." बानं तांब्यानं पाणी घातलं. ते पोटभर प्यायले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "आता देश आपला आहे आजोबा. तुमचा आणि माझा सारखाच." एवढंच बोलून गेले. पण बाला ते इतकं लागलं की तो मत द्यायला दाढी करून, मिशनच्या साहेबानं दिलेला जुना कोट घालून गेला. पुढं ते पुढारी मोठे झाले, जीपमध्ये बसायला लागले. बा कुणालाही सांगायचा, "ह्यो माझ्या हातचं पानी प्यालाय." दहा वर्षं त्यानं हे सांगितलं.

आता आमची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. देवळात एक जण प्रार्थना करतो आणि बाकीचे डोळे मिटून, मान खाली घालून उभे राहतात. त्याचं संपलं की सगळ्यांनी आमेन म्हणायचं. आमेन म्हणजे तसंच होवो. ते म्हटल्याशिवाय प्रार्थना त्या एकट्याची असते. म्हटलं की सगळ्यांची होते. माझ्या बाचा आमेन देवळात सगळ्यांत मोठा. जन्मभर मोटेवर गाणी म्हणून त्याचा आवाज असा झाला होता की नदीपलीकडं ऐकू जावा. आमचे पाळकसाहेब त्याचा आमेन झाल्यावरच डोळे उघडायचे. तोपर्यंत प्रार्थना संपली असं त्यांनाही वाटायचं नाही.

बासष्टच्या दिवाळीच्या सुमाराला चीनची लढाई लागली. शिरूरात बाजारतळावर मोठी सभा ठरली आणि तेच पुढारी येणार होते. आता सगळे त्यांना साहेब म्हणायचे. गावात सोसायटीचं सगळं आप्पा बघायचे. मोठे बागायतदार, पागोट्याची घडी कधी मोडायची नाही. त्यांनी मला बोलावलं.

"मिस्त्री, स्टेज घट्ट झालं पायजे. मागच्या सभेला भाषणात एका मेंबराचा पाय फळीत गेला."

"त्ये स्टेज म्या केलं नव्हतं, आप्पा."

"म्हनूनच तुला बोलावलाय."

मी दोन दिवस खपून स्टेज केलं. फळ्यांना फळ्या अशा बसवल्या की त्यात सुई जाऊ नये. आमच्या बायका विणकाम शिकलेल्या. त्यांनी जवानांसाठी लोकरीचे मोजे आणि गळपट्टे विणले होते, माझ्या मंडळीनं एकटीनं सहा जोड. ते गाठोडं घेऊन आमच्या आवारातली सगळी माणसं सभेला गेली. बा सगळ्यात पुढं. कोट घातलेला. मी स्टेजच्या खांबाशी हातोडी घेऊन उभा होतो, काही हललं तर ठोकायला.

राष्ट्रगीत खरं शेवटी म्हणतात. पण गाणाऱ्या शाळेच्या मुली लांबून आलेल्या, त्यांना उजेडी घरी धाडायचं होतं, म्हणून साहेब स्टेजवर चढल्या चढल्या त्यांनी म्हणायला घेतलं. सगळे उभे राहिले. माझ्या बानं डोळे मिटले. मान खाली घातली. दोन्ही हात पोटाशी धरले. आणि राष्ट्रगीत संपल्यावर, सगळं मैदान गप्प असताना, तो त्याच्या त्या मोटेच्या आवाजात म्हणाला, "आमेन."

त्याला ते चूक वाटलंच नाही. सगळ्यांनी मिळून देशाचं भलं मागितलं, तर शेवटाला आपण तसंच होवो म्हणायचं, नाहीतर काय. आमच्यातली अजून दोन म्हातारी हळू आवाजात म्हणालीही असतील. बाचा मात्र सगळ्यांनी ऐकला.

साहेब कर्ण्यासमोर आले. हसून म्हणाले, "आजोबा, हे तुमचं देऊळ नाही. इथं जय हिंद म्हणायचं." लोक हसले. ते ऐकून साहेबांना पुढं सुचलं. "काय करणार, यांचं पोष्ट अजून विलायतेहून येतं." मग जास्त हसले. मागची पोरं शिट्ट्या मारायला लागली. हसू थांबल्यावर साहेबांनी आवाज बदलला आणि म्हणाले, "हसण्यावारी नेऊ नका. झाड आपल्या अंगणात असलं तरी लढाईच्या दिवसांत त्याचं मूळ कुणाच्या अंगणात आहे ते बघावं लागतं." त्यावर टाळ्या पडल्या. नंतर ते चीनवर बोलले, बर्फावर बोलले, जवानांवर बोलले. चांगलं बोलले. बायका रडल्या.

त्या भाषणातलं मला फार आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की ते पोष्टाचं बोलले तेव्हा मीही हसलो. खांबाला हात लावून उभा होतो, माझ्याभोवती सगळे हसत होते आणि माझं तोंडही तसंच झालं. ओढूनताणून नाही, हसू आलं म्हणून हसलो. तेवढ्यात बानं डोळे उघडले.

सभा संपल्यावर मोज्यांचं गाठोडं आप्पांच्या माणसानं घेतलं आणि खरंच म्हणाला, "बायांनी लई छान इनलंय." आम्ही घरी आलो. बा जेवला. मला वाटलं, झालं.

पण तसं होत नसतं. साहेब जीपमध्ये बसून गेले आणि त्यांचं बोलणं गावात राहिलं. दुसऱ्या दिवशी बा तंबाखू आणायला पेठेत गेला तर पोरांनी मागून "आमेन" ओरडायला सुरुवात केली. पोरांचं काय, मी समजून घेतलं असतं. पण पेरणीची पाभर दुरुस्तीला घेऊन आलेला जुना गिऱ्हाईक, माझ्याहून वयानं मोठा, बिडी पेटवत म्हणाला, "काय मिस्त्री, पोष्ट आलं का?" चहावाल्यानं विचारलं. न्हाव्यानं विचारलं. चेष्टाच होती, कुणाच्या पोटात विष नव्हतं. पंधरा दिवसांनी चेष्टा पातळ झाली आणि तिच्या तळाचं वर आलं. मिशनचा बंगला रिकामाच होता, तिथले गोरे साहेबलोक कधीच गेले होते, तरी कुणीतरी मला हळूच म्हणालं, "तुमच्या बंगल्यावर बिनतारी यंत्र हाय म्हंत्यात." मी म्हटलं, "चल, दावतो. वटवाघळं हायत." तो आला नाही. यायचं नसतंच अशांना.

मला राग यायचा आणि मी भांडायचो. माझं ठीक होतं. बा भांडला नाही. त्यानं पेठेत जाणं सोडलं. आठवड्याच्या बाजारालाही जाईना. जन्मात त्यानं बाजार चुकवला नव्हता, काही घ्यायचं नसलं तरी बैल बघायला जायचा. विहिरीवर तोवर इंजन बसलं होतं, मोट गेली होती. तो नुसता थारोळ्याशी बसून राहायचा.

आणि देवळात गप्प झाला. पहिल्या रविवारी पाळकसाहेबांची प्रार्थना संपली, लोक आमेन म्हणाले आणि पाळकसाहेब डोळे मिटून तसेच थांबले. थांबले, थांबले. शेवटी एक डोळा उघडून त्यांनी बाकड्याकडं बघितलं. बा मान खाली घालून उभा होता, ओठ मिटलेले. दुसऱ्या रविवारी तेच. मग पाळकसाहेब घरी आले.

"बाबा, तब्येत बरी न्हाई का?"

"बरी हाय."

"मग आवाज ऐकू येत न्हाई देवळात."

"देवाला येतोय," बा म्हणाला.

मला हे सगळं सहन झालं असतं. पण नाताळच्या आधी एक खत विकणारा फिरता माणूस आवारात आला. त्यानं बाला सहज विचारलं, "बाबा, गाव कुठलं?" मी तिथंच रंधा मारत होतो. मी उत्तराची वाट बघितली. बा म्हणाला, "ह्ये मिशन." तो माणूस म्हणाला, "म्हंजी शिरूरच की." बा म्हणाला, "मिशन." आणि उठून आत गेला.

माझा रंधा थांबला. सत्तरीला आलेला माणूस. त्याच्याजवळ सांगायला एकच गाव होता आणि तोही त्यानं सोडला. ज्यांच्यापाशी सातबारा आहे, देवक आहे, सात पिढ्यांची नावं आहेत, त्यांना हे कळायचं नाही. त्यांचा गाव कुणी बोलल्यानं जात नाही. बाचा गाव नुसता त्याच्या तोंडात होता, म्हणून तो बोलण्यानं गेला. मी त्या दिवशी ठरवलं, की ज्यानं घेतला त्याच्याकडून तो परत आणायचा. मी असा आहे. एकदा डोक्यात बसलं की खिळा वाकला तरी ठोकतो.

आप्पांना विचारलं तर म्हणाले, "अरे, सभेतलं बोलनं त्ये. त्याचं एवढं काय धरून बसलाय?" तरी त्यांनी सांगितलं, की साहेब जानेवारीत अमुक दिवशी दौंडला विश्रामगृहावर उतरणार आहेत. "जा. पर नीट बोल. तुझं तोंड हातोडीवानी हाय."

न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीनं मी दौंडला गेलो. दौंडला मी पूर्वी रेल्वेच्या गोऱ्यासावळ्या, अँग्लो-इंडियन साहेबांच्या बंगल्यांत कामं केलेली. ते ड्रायव्हर, गार्ड लोक, इंग्रजी बोलणारे, घरात पियानो. तेही ख्रिस्ती, पण आमच्याशी त्यांचा काय संबंध. आम्हाला ते ओट्याखाली उभं करायचे. त्यातले बरेच आता बोटीनं बाहेरदेशी निघून गेले होते. बंगल्यांच्या दारांना कुलपं, एका ओसरीत सागवानी कपाट विकायला काढलेलं. मी थांबून त्याच्या बिजागऱ्या बघितल्या, मीच बसवलेल्या होत्या. स्टेशनासमोर चहाला बसलो. हॉटेलवाल्यानं कुठले म्हणून विचारलं. मी शिरूरच्या मिशनातला म्हणून सांगितलं.

"मग तुम्ही न्हाई गेला?"

"कुठं?"

"ह्येंच्यासंगं. बोटीवर."

मी म्हटलं, "मला बोट लागती." तो हसला. मीही हसलो. पण चहा अर्धा टाकून उठलो.

विश्रामगृहाच्या ओसरीत साहेब खुर्चीवर बसले होते आणि न्हावी त्यांची दाढी करत होता. गालांवर साबण, डोळे मिटलेले. बाजूला चार-पाच माणसं कागद घेऊन उभी. माझी पाळी आली तेव्हा मी पायरीवर उभा राहून सांगितलं, शिरूरहून आलोय, सभेचं स्टेज मी केलं होतं.

"हां, चांगलं होतं स्टेज," ते डोळे न उघडता म्हणाले. "बोला मिस्त्री."

मी आमेनचं सांगितलं. त्यांनी ऐकलं. वस्तरा गळ्यावर होता म्हणून बोलले नाहीत. न्हाव्यानं वस्तरा पुसायला घेतल्यावर म्हणाले, "मी असं म्हणालो?"

"व्हय."

"पोष्टाचं?"

"पोष्टाचं, आन् झाडाचं."

त्यांनी कागदवाल्यांकडं बघितलं. एक जण म्हणाला, साहेब, त्या महिन्यात चाळीस सभा झाल्या. साहेब खरंच आठवत होते, नाटक नव्हतं. आणि त्यांना आठवत नव्हतं. मी दोन महिने ज्या शब्दांवर झोपलो आणि ज्या शब्दांवर उठलो, ते शब्द त्यांच्या तोंडातून निघाले आणि त्यांच्याकडं त्यांची खूणही नव्हती.

मी म्हटलं, "बावन्नला तुम्ही आमच्या आवारात पानी प्याला होता. मोटेवर. ज्यानं घातलं तोच ह्यो म्हातारा."

"विहीर आठवते," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "गोड पाणी. म्हातारा कोण होता ते नाही लक्षात. पण विहीर पक्की लक्षात आहे." मग त्यांनी न्हाव्याला थांबवलं, तोंड पुसलं आणि माझ्याकडं नीट बघितलं. "हे पाहा, राग धरू नका. भाषणात लोक हसले की माणूस पुढं बोलत जातो. माझ्या मनात काही नव्हतं."

"तुमच्या मनात नव्हतं, साहेब. पर तुम्ही बोलून गेला आन् आमी तितंच ऱ्हातो."

कागदवाला मला गप करायला पुढं आला. साहेबांनी हातानं त्याला मागं केलं. एवढं चांगलं मी त्यांच्याबद्दल लिहिणार, कारण ते खरं आहे. थोडा वेळ विचार करून म्हणाले, "सव्वीस जानेवारीला मी शिरूरला झेंडावंदनाला आहे. तुमच्या वडिलांना स्टेजवर बसवू. माझ्या शेजारी खुर्ची. मी लोकांना सांगतो, की हे ख्रिस्ती समाजाचे वयोवृद्ध, हे आपलेच आहेत. मग कोण बोलतंय बघू. चालेल?"

मला रडू फुटायचं राहिलं. मी म्हटलं, "चालंल." बाला न विचारता म्हटलं. एसटीत सगळी वाट उभा होतो तरी पाय दुखले नाहीत.

आप्पांना निरोप आधीच पोचला होता. खुर्ची पॉलिश करायला त्यांनी ती माझ्याचकडं धाडली. मी ती अशी घासली, की तोंड दिसावं. मंडळीनं कोट उन्हात घातला, बटण लावलं. बाला मात्र पंचवीस तारखेच्या दुपारपर्यंत सांगितलं नाही. मला वाटत होतं, एकदम सांगावं, त्याचा चेहरा बघावा.

दुपारी तो ओट्यावर भाकरी खाऊन बसला होता. मी सगळं सांगितलं. दौंड, विश्रामगृह, दाढी, खुर्ची. तो शेवटपर्यंत ऐकून घेत होता. मग म्हणाला, "लोकांना काय सांगनार हाय त्यो?"

"ह्ये आपलेच हायत म्हनून."

"त्यानं सांगायचं?"

"मोठा मानूस हाय, बा. त्यो बोलला तर लोक ऐकत्यात."

"त्यो हितं पाव्हना हाय," बा म्हणाला. "जीपमदी येतो, जीपमदी जातो. म्या पन्नास वर्सं ह्या विहिरीचं पानी काढलं. मला पाव्हन्यानं सांगायचं, की ह्यो हितला हाय? उद्या दुसरा येईल, त्यो म्हनंल न्हाई. मंग म्या उतरायचं का खुर्चीवरनं?"

"मंग काय करायचं? असंच बसून ऱ्हायचं? तू गावाचं नाव घेत न्हाईस."

मंडळी आतून म्हणाली, "अवो, हळू बोला." आणि बाला म्हणाली, "मामा, मान देत्यात तर घ्या की. कोट धुतलाय."

"मान हाय व्हय ह्यो," बा म्हणाला. "बैलाला रंगवून मिरवत्यात, तसं. म्हनायचं, आमच्याकडं असला बी एक हाय, बघा." तो हसला, पण डोळे हसत नव्हते. "सत्तेचाळीसला झेंडा लावला तवा म्या खाली उभा व्हतो. मत दिलं तवा रांगंत उभा व्हतो. खाली मानसांत उभं ऱ्हायाला मला जागा व्हती. वरची खुर्ची म्या कवा मागितली?"

मी चिडलो. मी म्हटलं, मी दौंडपर्यंत गेलो, उन्हात पायरीवर उभा राहिलो, कुणासाठी? त्या माणसानं तुझा अपमान केला तो त्याच्याच तोंडून पुसून घ्यायला गेलो आणि तू मला उलटं बोलतोस.

बानं तंबाखू मळली, पण तोंडात टाकली नाही. मग म्हणाला, "त्याचं मला काय वाटलं न्हाई रं. त्यो सभेतला मानूस. गावातल्यांचं बी काय वाटलं न्हाई. लोक कुनालाबी हसत्यात, म्याबी हसलोय लोकांना." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "तू हसलास."



"म्या डोळं उघडलं तर तू हसत व्हतास. म्हनलं, त्याचंबी खरं असंल. पोटचं पोरगं हसतंय म्हंजी खरंच असंल. म्हंजी म्या हितला न्हवंच."

मंडळी आत भांडी घासत होती ती थांबली. मी उठून परसात गेलो. लाकडाच्या फोडी पडल्या होत्या, त्या उगाच एकावर एक रचल्या. दोन महिने मी साहेबांवर दात खाल्ले, चहावाल्याशी भांडलो, न्हाव्याकडं जाणं सोडलं, दौंडला जाऊन आलो. आणि बा माझ्या एका हसण्यापाशी बसून होता. मी ते विसरलो होतो असं नाही. मला वाटलं होतं, त्याला दिसलं नसेल.

साहेबांचा त्यात वाटा नव्हता असं मी म्हणत नाही. माझं तोंड हसलं ते त्यांच्या बोलण्यानंच हसलं. एवढ्या मोठ्या मैदानात सगळ्यांच्या बाजूला उभं राहायची घाई मला झाली, ती त्यांनी मैदानाच्या दोन बाजू केल्या म्हणून झाली. पण बाजू मी निवडली होती.

संध्याकाळी दिवा लागायच्या वेळेला मी बापुढं जाऊन म्हटलं, "म्या हसलो त्ये चुकलं." आमच्यात बापाजवळ असं बोलायची रीत नाही. तो म्हणाला, "जेव आता." तेवढंच. पुढं तो चार वर्षं जगला. देवळात त्याचा आवाज थोडा परत आला, पहिल्यासारखा नाही. बाजारालाही जायचा, पण मी सोबत असलो तरच. गाव विचारलं की कधी शिरूर म्हणायचा, कधी मिशन. कोणत्या दिवशी काय म्हणेल सांगता यायचं नाही, आणि तो बोलेपर्यंत माझा जीव टांगलेला असायचा. लोकांना वाटतं, चूक कबूल केली की मिटलं. मिटत नाही.

दुसऱ्या दिवशी, सव्वीस जानेवारीला, मी उजाडतानाच खुर्ची डोक्यावर घेऊन आप्पांच्या घरी गेलो. ते अंगणात दात घासत होते. खुर्ची बघून त्यांना वाटलं, पॉलिश दाखवायला आणली.

"झ्याक झालीय. मैदानावर न्हायची, हितं कशाला आणली?"

"बा येत न्हाई, आप्पा. खुर्ची दुसऱ्या कुनाला द्या."

त्यांनी चूळ भरली. "आजारी हाय का?"

"न्हाई."

"मग? साहेबांनी सोता सांगितलंय. तुमच्या लोकांचं मला कळत न्हाई बघ. हसलं तरी राग, मान दिला तरी राग."

"साहेबांवर राग न्हाई."

"मग कुनावर?"

मी म्हटलं, "त्या दिवशी स्टेजखाली म्या हसलो व्हतो, आप्पा. माझ्या बाला."

आप्पांनी पागोटं गुंडाळायला घेतलं होतं. त्यांचे हात थांबले. म्हणाले, "हसलो तर आम्हीबी व्हतो."

"तुमचं तुम्ही बघा," मी म्हटलं. "म्या माझं सांगाय आलोय."

त्यांनी घरात चहा सांगितला. मी थांबलो नाही. झेंडावंदनालाही गेलो नाही. घरी आलो, बाला आंघोळीला पाणी काढून दिलं, आणि त्याच्या पाठीला दगड लावून पाठ घासून दिली.